आधी मुनीम, मग खलनायक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुंबईत घडणारी हेरकथा लिहितो आहे. खलनायक एका जगभर पसरलेल्या गुप्त संघटनेचा प्रमुख. अरबी समुद्रातल्या बेटावर त्याचा तळ, हाताखाली पाचशे माणसं. सहा प्रकरणं चार मित्रांना वाचायला दिली. चौघांचं म्हणणं एकच, नायक ठीक आहे पण व्हिलन कार्टून वाटतो. त्याला आणखी क्रूर करू, की त्याला लहानपणी अन्याय झालेला दाखवू?"

दोन्ही करू नका. क्रौर्य वाढवलं की कार्टूनचे रंग तेवढे भडक होतात. आणि लहानपणीचा अन्याय इतका स्वस्त झालाय की त्या पानावर येताच वाचक चहा टाकायला उठतो.

प्रकरणं सोबत जोडली होती म्हणून वाचली. तुमच्या खलनायकात फारसं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते त्याच्या मागे, कारण त्याच्या मागे कुणी नाहीच. पाचशे माणसं आहेत असं तुम्ही सांगता, पण ती काळे कपडे घालून बोळकांड्यातून धावतात आणि नायकाच्या गोळीने पडतात, एवढंच त्यांचं काम. त्यांना पगार किती? रोख की खात्यात? पाचशे माणसांना दोन वेळचं जेवण म्हणजे रोजचं दोनेकशे किलो धान्य, वर भाजी, गॅस, पिण्याचं पाणी. हे कुठल्या धक्क्यावरून चढतं? भाऊच्या धक्क्यावर एकाच लाँचमध्ये रोज एवढा माल भरायला लागला तर चौथ्या दिवशी तिथला चहावाला विचारेल, "शेठ, कुणाचं लग्न काढलंय?" आणि आपला नायक तिकडे दिल्लीत उपग्रहाचे फोटो भिंगाने बघत बसलाय.

हे मला कुणीतरी लाल पेन्सिलीने शिकवलं. १९८४ साली मी पहिली हेरकथा लिहिली. नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून खलनायकाचं ऑफिस, अख्खा मजला, काचेच्या भिंती, मत्स्यालय. गिरगावातल्या एका मासिकाच्या संपादकांकडे हस्तलिखित दिलं. पंधरा दिवसांनी परत आलं. बाकी कुठेही खूण नव्हती, फक्त त्या मजल्याच्या वर्णनापाशी समासात तीन शब्द: "भाडं कोण भरतं?" मला अपमान वाटला. आठ दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेव्हा मी बॅलार्ड इस्टेटमध्ये एका क्लिअरिंग एजंटाकडे नोकरीला होतो. गोदीतून माल सोडवण्याचे कागद तयार करणं हे आमचं काम. बिल ऑफ लॅडिंग, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एंट्री. ऑफिसात एक वयस्कर मुनीम होते, धोतर-कोट, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मालक महिनाभर परदेशी गेला तर काम अडायचं नाही. मुनीम दोन दिवस तापाने झोपले की ऑफिस ठप्प. कुठली पार्टी नावापुरती, पैसा खरा कुणाचा, कुणाचं पेमेंट नेहमी तिसऱ्याच गावाहून येतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एका दुपारी ते डब्यातली पोळी मोडत असताना माझ्या डोक्यात उजेड पडला की माझ्या कथेतल्या महाभयंकर संघटनेत असा माणूस असायलाच हवा, आणि नायकाने गाठायचा तर यालाच गाठायचा. कथा परत लिहिली. मत्स्यालय काढून टाकलं. छापून आली.

तेव्हापासून कुठलीही टोळी रचताना मी आधी तिचा मुनीम रचतो. खलनायक नंतर.

हे फक्त मुंबईतल्या वाण्या-कारकुनांपुरतं खरं आहे असं वाटत असेल तर थेट शेरलॉक होम्सच्या वैऱ्याकडे, प्रोफेसर मोरिआर्टीकडे जा. बहुतेकांना तो कोळ्यासारखा जाळ्याच्या मध्यभागी बसलेला 'गुन्हेगारीतला नेपोलियन' म्हणून आठवतो. ती १८९३ मधली कथा, आणि तिथे तो खरं म्हणजे नुसता वर्णनातच भयंकर आहे. पण १९१४-१५ मध्ये कॉनन डॉयलची शेवटची होम्स कादंबरी आली, तिच्यात त्याने जे केलं ते बघा. होम्स पोलिसांना सांगतो, या प्रोफेसरच्या खोलीत भिंतीवर एका फ्रेंच चित्रकाराचं चित्र टांगलेलं आहे. त्या चित्रकाराच्या एका चित्राला लिलावात चाळीस हजार पौंडांच्या वर किंमत आली होती. प्रोफेसरचा पगार वर्षाला सातशे पौंड. मग चित्र आलं कुठून? पुढे तो सांगतो की मोरिआर्टी आपल्या मुख्य हस्तकाला, कर्नल मोरानला, वर्षाला सहा हजार पौंड देतो, म्हणजे पंतप्रधानाच्या पगारापेक्षा जास्त. आणि मोरिआर्टीने घरखर्चासाठी दिलेले साधे चेक तपासले तर ते सहा वेगवेगळ्या बँकांवरचे निघतात.

अख्ख्या प्रसंगात एकही खून नाही, रक्त नाही, खलनायक स्वतः हजरही नाही. तरी अंगावर काटा येतो, कारण पहिल्यांदाच तो माणूस खरा वाटायला लागतो. ज्याचा पगार आणि ज्याची भिंत जुळत नाही असा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. आमच्या सोसायटीतच दोन आहेत.

आता तुमच्या संघटनेचा मूळपुरुष. तुमच्या कथेतलं ते लांबलचक टेबल, आकड्यांनी ओळखले जाणारे सभासद, एकाला जागच्या जागी शिक्षा, हे सगळं जेम्स बाँडच्या शत्रू संघटनेचं, 'स्पेक्टर'चं देणं आहे. बहुधा चित्रपटांतून उचललंय. मूळ १९६१ सालच्या इयान फ्लेमिंगच्या कादंबरीत ही संघटना किती लहान आहे माहीत आहे? एकवीस माणसं. सहा गट, प्रत्येकात तीन माणसं, ती वेगवेगळ्या जुन्या टोळ्यांतून आणि गुप्त पोलीस दलांतून गोळा केलेली: सिसिलीची माफिया, कॉर्सिकन, जुने गेस्टापोवाले, फुटलेले सोव्हिएत हेर, युगोस्लाव्ह, तुर्की अफूवाले. वर दोन तंत्रज्ञ आणि एक प्रमुख. पॅरिसच्या एका प्रतिष्ठित रस्त्यावर त्यांचं ऑफिस, बाहेर पाटी जुलमाविरुद्ध लढणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय बंधुसंघाची. आत जाणाऱ्या-येणाऱ्या परदेशी माणसांचं कुणाला काही वाटू नये म्हणून यापेक्षा चांगली पाटी शोधून दाखवा. सभासदांचे आकडेही दर महिन्याला बदलतात, म्हणजे बाहेर कुणी 'नंबर सात' ऐकलं तरी त्याला काही कळू नये. हे ऑफिस चालवलेल्या माणसाच्या डोक्यातून आलेलं आहे, आणि फ्लेमिंगने महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हेरखात्यात टेबलावरचंच काम केलं होतं.

आणि तो प्रमुख, ब्लोफेल्ड? त्याची सुरुवात कुठे होते? पोलंडच्या पोस्ट-तार खात्यात. तारा त्याच्या हाताखालून जातात, त्यातल्या गुप्त तारा वाचून तो वॉर्साच्या शेअरबाजारात पैसे लावतो. मग त्याच्या लक्षात येतं की माहिती वापरण्यापेक्षा विकण्यात अधिक पैसा आहे. तो एक खोटंच हेरांचं जाळं कागदावर उभं करतो, त्यात अस्तित्वात नसलेली माणसं घालतो, आणि त्या नसलेल्या माणसांच्या नावाने माहिती विकून वेगवेगळ्या देशांकडून पैसे वसूल करतो. मांडीवरच्या पांढऱ्या मांजरासह जो जगाला ठाऊक आहे, तो मुळात तारखात्यातला नोकरदार आहे. मांजर सिनेमावाल्यांनी आणून बसवलं.

जाता जाता: त्याआधी फ्लेमिंग ज्या 'स्मेर्श'ला शत्रू म्हणून वापरत होता ती खरीच सोव्हिएत संस्था होती. नावाचा अर्थ 'हेरांना मृत्यू'. पण ती १९४३ मध्ये सुरू होऊन १९४६ मध्येच बंद झाली, आणि फ्लेमिंगची पहिली कादंबरी आली १९५३ मध्ये. बंद पडलेल्या ऑफिसला त्याने अनेक पुस्तकं जिवंत ठेवलं. चाललं, कारण त्या ऑफिसला शिक्के होते, हुद्दे होते, वरून खाली येणारे हुकूम होते. वाचक संस्थेची तारीख तपासत नाही, तिथला कागद कसा हलतो ते बघतो.

आपल्याकडे हे सगळं आलं ते सिनेमातून, आणि सिनेमाने नेमकं मत्स्यालय घेतलं. १९८० च्या 'शान'मधला टकला शाकाल, त्याचं बेट, फिरणारं टेबल, मगरी. थिएटरात मी शिट्ट्या मारल्यात, नाही म्हणत नाही. पडद्यावर कुलभूषण खरबंदाचा चेहरा समोर असतो, पार्श्वसंगीत असतं, मगरीला कोण खायला घालतं हे विचारायला वेळ मिळत नाही. कागदावर मात्र वाचकाकडे वेळच वेळ असतो. तो लोकलमध्ये उभा असतो, ठाण्यापासून दादरपर्यंत, आणि मगरीचा विचार करत असतो.

मराठीत तर बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळा पहाड स्वतःच कायद्याच्या पलीकडचा, आणि वाचक त्याच्या बाजूने. लहानपणी भाड्याच्या वाचनालयात दिवसाला दोन अशा वेगाने मी त्या वाचल्या. तिथे गिरगाव, भायखळा, गोदी, टॅक्सी, इराणी हॉटेल असं सगळं ओळखीचं असायचं. खलनायक कितीही अचाट असला तरी तो राहायचा आपल्याच गावात. तुम्ही मुंबई निवडलीत आणि मग खलनायकाला बेटावर नेऊन ठेवलंत, हा मला सगळ्यात मोठा अपव्यय वाटतो.

कारण मुंबईकडे संघटित गुन्हेगारीचा जो इतिहास आहे तो कुठल्याही कल्पित संघटनेपेक्षा शिकवणारा आहे, आणि शिकवतो तो अर्थशास्त्र. सोन्याचं बघा. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता तोवर बाहेरचा आणि इथला भाव यांत दरी होती. त्या दरीत तस्करी जगली: दहा तोळ्यांची बिस्किटं, म्हणजे प्रत्येकी साधारण ११६ ग्रॅम, आखातातून निघालेली गलबतं, कोकण किनाऱ्यावर रात्रीचं लँडिंग, खाली माल उतरवणारे गावकरी, वाटेतल्या नाक्यांवर ठरलेला वाटा, आणि शेवटी जव्हेरी बाजार. हाजी मस्तानसारखी माणसं पांढऱ्या कपड्यांत आणि पांढऱ्या मर्सिडीजमध्ये फिरली ती या दरीच्या जोरावर. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. १९९२ पासून परदेशस्थ भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणता येऊ लागलं. दरी मिटत गेली. मग टोळ्यांनी काय केलं? धंदा बदलला. खंडणी, बिल्डर, गिरण्यांच्या जमिनी, सिनेमातला पैसा. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या घराघरांत रिकाम्या हातांची तरुण पोरं बसलेली होतीच.

तुमच्या कादंबरीला यातून हवं ते हे, की टोळीला काहीतरी नेऊन-आणून विकायचं असतं, आणि सरकारच्या एखाद्या कागदाने तिचं पोट भरतं किंवा मारलं जातं. तुमच्या संघटनेचं पोट कशावर चालतं? सहा प्रकरणांत मला एकदाही कळलं नाही. 'जगावर राज्य' हा धंदा नव्हे.

इथे एक गंभीर गोष्ट सांगायला हवी, आणि ती मी हलकेपणाने सांगणार नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत जे स्फोट झाले, ज्यांत २५७ माणसं गेली, त्यांचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, उतरलं होतं. ज्या वाटा, जी माणसं, जे लाचेचे दर वर्षानुवर्षं सोन्याचांदीसाठी तयार झाले होते, त्याच वाटेने ते आलं. कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीस त्या खटल्यात दोषी ठरले. हेरकथा लिहिणाऱ्याने यावर खूप वेळ बसायला हवं. वाट आधी लोभाने तयार होते, मग तिच्यावरून कोण काय घेऊन जाईल हे वाट बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. तुमच्या कथेत देशाचा शत्रू आणि गावातला लाचखाऊ हे दोन वेगळे नग आहेत, एकमेकांना कधी भेटत नाहीत. ते ज्या रात्री, ज्या नाक्यावर भेटतात, तिथे तुमची कादंबरी आहे.

कायद्याची भाषाही वाचा. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. त्यात संघटित गुन्हेगारी टोळीची व्याख्या काय आहे? दोन किंवा अधिक माणसं. दोन! पाचशे नाही. पण मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली हवीत, म्हणजे सातत्य हवं, आणि हेतू आर्थिक लाभाचा किंवा बंडखोरीला बळ देण्याचा हवा. विधिमंडळाने एका वाक्यात आपल्याला कथासूत्र बांधून दिलंय: सातत्य आणि फायदा. मी तर म्हणेन पाचशेतले चारशे नव्वद आजच कामावरून काढा. दहा उरतील, त्यांना नावं द्या.

त्या दहांत कोणाला काय माहीत आहे याचा तक्ता करा. भिंतीवर लावा. हेरकथेतला सगळा ताण या तक्त्यातून येतो, पिस्तुलातून नाही. बोट चालवणाऱ्याला जागा माहीत असते, माल माहीत नसतो. माल बांधणाऱ्याला माल माहीत, गिऱ्हाईक नाही. पैसे पोचवणाऱ्याला तर दोन्ही माहीत नसतं, त्याच्याकडे फक्त दहाच्या नोटेचा नंबर असतो. हवाल्यात हीच पद्धत: इथे पैसे भरले की एका नोटेचा नंबर तिकडे कळवला जातो, तिकडचा माणूस ती नोट घेऊन गेला की रक्कम मिळाली. पावती म्हणजे ती नोट. नायकाच्या हाती एका मेलेल्या माणसाच्या पाकिटात एक जपून ठेवलेली, घडी न पडलेली दहाची नोट लागते. यावर मी एक अख्खी कादंबरी काढली होती. तुम्हीही काढा, हरकत नाही.

बाकी टोळीतली भाषा जपून वापरा. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, घोडा, सुपारी, फिल्डिंग, मांडवली हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. रस्त्यावरचा पंटर 'खोका' म्हणेल. एसी ऑफिसात बसलेला त्याचा मालक 'वन सीआर' म्हणतो, आणि त्याच्या वरचा तर आकडा तोंडाने उच्चारतच नाही, कॅल्क्युलेटरवर टाइप करून समोर धरतो. हुद्दा वाढतो तसे शब्द कमी होतात. तुमचा खलनायक चौथ्या प्रकरणात सलग अडीच पानं बोलतो. त्याला गप्प करा.

गप्प राहण्यात काय ताकद असते याचं सर्वांत चांगलं उदाहरण योगायोगाने दिल्लीतलं आहे. जॉन ल कॅरेच्या १९७४ च्या कादंबरीत ब्रिटिश हेर स्मायली आणि रशियन हेरप्रमुख कार्ला यांची पूर्वीची एक भेट येते, १९५५ मध्ये, दिल्लीच्या तुरुंगात, उन्हाळ्यात. स्मायली बोलतो, समजावतो, घामाघूम होतो. कार्ला एक शब्द बोलत नाही. जाताना स्मायलीचा सिगारेट लायटर तेवढा घेऊन जातो, बायकोने प्रेमाने लिहून दिलेला. बस. तिथून पुढे तो माणूस आपल्याला जवळपास दिसतच नाही आणि तरी पानापानावर त्याची सावली आहे. आणि तो हरतो कशाने? १९७९ च्या तिसऱ्या पुस्तकात कळतं की आपल्या आजारी मुलीला स्वित्झर्लंडमध्ये ठेवण्यासाठी त्याने खात्याचे पैसे लपूनछपून वळवले. एवढा मोठा माणूस खर्चाच्या न जुळणाऱ्या खात्यात सापडतो. गिरगावातले ते संपादक हे पुस्तक वाचून किती खूश झाले असतील, याची कल्पना मी नेहमी करतो.

खऱ्या जगातला नमुना हवा असेल तर पाकिस्तानच्या अणुबॉम्बचा जनक म्हणवला जाणारा अब्दुल कादीर खान. जन्म १९३६, भोपाळ. सत्तरच्या दशकात हॉलंडमध्ये एका कंपनीत नोकरी. युरेनियम समृद्ध करण्याच्या यंत्रांची कागदपत्रं जर्मनमधून डचमध्ये भाषांतरित करण्याचं काम त्याच्याकडे आलं, आणि ती माहिती तो पाकिस्तानात घेऊन गेला. पुढे तीच यंत्रं इतर देशांना विकण्याचं जाळं उभं राहिलं: दुबईतल्या व्यापारी कंपन्या, मलेशियात तयार होणारे सुटे भाग, युरोपातले जुने पुरवठादार. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेलं एक जर्मन मालकीचं जहाज वाटेत इटलीच्या तारांतो बंदरात वळवलं गेलं, आणि कंटेनरमधून ते भाग निघाले. फेब्रुवारी २००४ मध्ये खानने टीव्हीवर कबुली दिली.

यात बेट कुठे आहे? पाचशे काळे कपडेवाले कुठे आहेत? इन्व्हॉइस आहे, पॅकिंग लिस्ट आहे, मालाचं वर्णन 'मशिनचे सुटे भाग' आहे. माझ्यासारख्या कुठल्या तरी कारकुनाने तो कागद टाइप केला असणार, आणि मग तोही डबा उघडून पोळी मोडायला बसला असणार. जगातल्या सर्वांत धोकादायक मालाचा प्रवास असा कुणाच्या तरी दुपारच्या टेबलावरून झाला. मला या एका गोष्टीचं भय शंभर मगरींहून अधिक वाटतं.

उलट बाजूचाही विचार करा, म्हणजे नायकाच्या खात्यातला फितूर. तुमच्या कथेत तो उपसंचालक आहे आणि त्याने पन्नास कोटी घेतलेत. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत जे हेरगिरी प्रकरण उघडकीला आलं त्यात थेट पंतप्रधानांच्या कार्यालयातले स्वीय सहायक आणि कारकून होते. फायली बाहेर जायच्या, झेरॉक्स व्हायच्या, परत जागेवर. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांना त्यांच्या कार्यालयातली माणसं अडकल्यामुळे राजीनामा द्यावा लागला. फितुराचा हुद्दा खाली आणा, रक्कमही खाली आणा. मुलीचं लग्न, बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता. पन्नास कोटींना विकला गेलेला माणूस वाचकाला परका असतो, चाळीस हजारांना विकला गेलेला माणूस शेजारी असतो.

एक नाजूक मुद्दा, थोडक्यात. तुमच्या ज्या थोड्या हस्तकांना नावं आहेत, ती सगळी एकाच धर्माची आहेत. माणूस म्हणून मला ते खटकलं, लेखक म्हणूनही. मुंबईतली कुठलीही खरी टोळी, कुठलाही खरा काळा पैसा एवढा सोवळा नव्हता. आणि रहस्यकथेत आडनाव वाचूनच गुन्हेगार कळत असेल तर उरलेली दोनशे पानं कशाला?

आता प्रत्यक्ष तुमच्या मसुद्याबद्दल. बेट बुडवा. खलनायकाला फोर्टात जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा द्या, पागडीची, भाडं महिना तीनशे पंचाहत्तर रुपये, आणि घरमालकाशी वीस वर्षं चाललेला दावा. ही जागा सोडणं त्याला परवडत नाही, म्हणून तो शेवटी तिथेच सापडू शकतो. बाहेर पाटी सर्व्हेअरची किंवा जहाजांना किराणा पुरवणाऱ्याची लावा, म्हणजे बंदरात कधीही जायला पास आहे आणि कुठल्याही जहाजावर चढायला निमित्त. तो सकाळी शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारतो, एका शाळेच्या ट्रस्टवर आहे, सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडतो. त्याला जग नको आहे. त्याला न्हावा शेव्याहून एक कंटेनर एका ठरावीक तारखेआधी बाहेर पडायला हवा आहे, कारण ज्याच्याकडून त्याने आगाऊ पैसे घेतलेत तो माणूस त्याच्यापेक्षा वाईट आहे. त्याला घाबरवा. घाबरलेला खलनायक चुका करतो, आणि क्रूर व्हायचा असेल तर तेव्हाच होतो, कारण आता त्याला दुसरा रस्ता नाही. तुमचा क्रूर होण्याचा प्रश्न इथे आपोआप सुटतो.

नायकाला उपग्रहावरून खाली उतरवून मस्जिद बंदरला पाठवा. तिथे हमाल, टेम्पोवाले आणि वखारीतले दिवाणजी यांच्यात दोन दिवस फिरला तर त्याला जे कळेल ते दिल्लीच्या फाइलीत सहा महिन्यांनी येईल.

आणि तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तुम्ही एका हिशेबनिसाला दोन ओळींत मारलंय. जाड चष्म्याचा, रजिस्टर छातीशी धरून जिन्यावरून उतरणारा. खलनायक किती निर्दय आहे हे दाखवायला त्याला गोळी घातलीत, आणि त्याला नावही दिलेलं नाही. त्या दोन ओळी आज रात्रीच खोडा. त्याला जिना उतरून जाऊ द्या, सीएसएमटीहून त्याची नेहमीची कर्जत लोकल पकडू द्या, रजिस्टर पिशवीत डब्याखाली. कल्याण येईपर्यंत त्याला बसायला जागा मिळत नाही. तिथून चौथं प्रकरण सुरू करा, आणि लिहून झालं की पाठवा. नाव काय ठेवता तेही कळवा.